सरकता षड्ज

टॉमी फ्लॅनगन हा काही कच्चा वादक नव्हता. डेट्रॉइटमध्ये घडलेल्या या पियानोवादकाने तिशीच्या आतच माइल्स डेव्हिस आणि सॉनी रॉलिन्स यांच्याबरोबर रेकॉर्ड केल्या होत्या. मे १९५९मध्ये न्यूयॉर्कला जॉन कोल्ट्रेनच्या ‘जायंट स्टेप्स’चं ध्वनिमुद्रण झालं, तेव्हा पियानोवर तोच बसला होता. रचना सोळा बारांची, म्हणजे चौसष्ट मात्रांची. लय मिनिटाला २९० मात्रांच्या आसपास. अख्खं आवर्तन तेरा-चौदा सेकंदांत संपतं आणि तेवढ्यात २६ कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांचे गुच्छ, येऊन जातात. कोल्ट्रेनचा टेनर सॅक्सोफोन त्यांच्यावरून आवर्तनामागून आवर्तन घेत सुटतो, कुठेही अडखळत नाही. मग फ्लॅनगनची पाळी येते. पहिली काही वाक्यं तो नेटाने बांधतो. हळूहळू वाक्यं आखूड होतात, मधल्या जागा मोठ्या होतात आणि शेवटी स्वरांची ओळ सोडून तो नुसत्या कॉर्डच वाजवू लागतो. कोल्ट्रेन पुन्हा आत येतो.

हे सगळं त्या रेकॉर्डवर आजही जसंच्या तसं ऐकू येतं. कोल्ट्रेनने ही वाट आधी घासून घासून पक्की केली होती. फ्लॅनगनला ती जवळजवळ आयत्या वेळी चालायची होती. हा सोलो म्हणजे फजिती, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तसं वाटत नाही. जॅझ शिकू पाहणाऱ्याने तो आवर्जून ऐकावा, कारण तयार वादकाच्या सफाईखाली जे काम झाकलं जातं, ते इथे उघडं पडलं आहे. १९८२मध्ये, कोल्ट्रेन जाऊन पंधरा वर्षं झाल्यावर, फ्लॅनगनने त्याच्या स्मृतीला वाहिलेला अल्बम केला आणि त्यात ही रचना पुन्हा वाजवली. या खेपेला त्याची ओळ तुटत नाही.

असं नेमकं काय कठीण असतं त्यात? जॅझ म्हणजे सुचेल ते वाजवणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. ख्याल ऐकणाऱ्या माणसाने तरी ती धरू नये. गवई सुचेल ते गात नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण ख्यालाच्या वळणाने जॅझ ऐकायला बसलो की एक मोठा फरक निसटतो. आपला कान तंबोऱ्याने घडवला आहे. षड्ज एकदा लागला की मैफल संपेपर्यंत तो जागचा हलत नाही. गायक कितीही लांब गेला तरी परतायचं घर एकच. जॅझच्या सोलोतही आवर्तन फिरत असतं, समेसारखी जागा असते, पण आवर्तनातल्या ठरलेल्या ठिकाणी खालची जमीनच सरकते. आता ज्या स्वरावर विसावलो, तोच चार मात्रांनंतर उपरा वाटायला लागतो. सोलो वाजवायला शिकणं म्हणजे ही जमीन सरकण्याआधी तिचा पुढचा ठाव कानात ऐकू येणं. बाकीचं सगळं, म्हणजे वेग, दम, बोटांची तयारी, त्याच्या मागून येतं.

घरात हार्मोनियम असेल तर पांढरी एक षड्ज धरून तीन कॉर्ड दाबून पाहाव्यात. पहिली: रे, म, ध, सा. दुसरी: प, नि, रे, म. तिसरी: सा, ग, प, नि. सगळे स्वर शुद्ध. सप्तकाच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावर उभी असलेली ही तिकडी. जॅझवाले तिला ‘टू-फाइव्ह-वन’ म्हणतात आणि ब्रॉडवेच्या जुन्या गाण्यांत ती पानोपानी भेटते. आता प्रत्येक कॉर्डमधले दोनच स्वर ठेवावेत, तिच्या पायापासून मोजलेला तिसरा आणि सातवा. पहिलीत ते म आणि सा. दुसरीत नि आणि म. तिसरीत ग आणि नि. पहिलीतून दुसरीत जाताना म हलत नाही, सा मात्र अर्ध्या स्वराने उतरून नि होतो. दुसरीतून तिसरीत जाताना नि हलत नाही, म उतरून ग होतो. एवढे दोन स्वर सावकाश वाजवले, तरी खाली बेस नसताना, पियानो नसताना, कॉर्ड बदलल्याचं कानाला स्वच्छ कळतं.

सोलोचं वाक्य या उतरणीवर नेम धरून बांधलं जातं. नवशिक्याचं गाडं अडतं ते इथेच. कॉर्ड बदलली की तो नव्या कॉर्डचे स्वर शोधायला लागतो आणि सापडेपर्यंत तीही गेलेली असते. तयार वादक म वाजवत असतानाच पुढच्या बारातल्या ग-कडे निघालेला असतो. कॉर्ड बदलते त्या क्षणी तो तिथे पोचतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की कॉर्डच त्याच्या स्वरामागून आली.

हे कसं शिकायचं, याचं उत्तर चार्ली पार्करइतकं तपशिलात दुसऱ्या कुणाच्या आयुष्यात सापडत नाही. १९२०चा जन्म, लहानपण कॅन्सस सिटीत. त्या शहरात तेव्हा रात्र-रात्र जॅम सेशन चालत. १९३६मध्ये रेनो क्लबमध्ये हा शाळकरी वयाचा पोरगा अल्टो सॅक्सोफोन घेऊन मोठ्यांच्या पंगतीत उभा राहिला आणि मध्येच वाट चुकला. ड्रमवर काउंट बेसीच्या बँडचा जो जोन्स होता. त्याने झांज काढून पोराच्या पायांपाशी भिरकावली. ही गोष्ट जॅझच्या प्रत्येक पुस्तकात असते. मला त्यापेक्षा त्याच्या पुढचा उन्हाळा महत्त्वाचा वाटतो. १९३७मध्ये पार्करला मिसूरीतल्या ओझार्क डोंगराळ भागात, एका सुट्टीच्या ठिकाणी बँडबरोबर काम मिळालं. बरोबर त्याने बेसीच्या बँडच्या रेकॉर्ड नेल्या होत्या आणि त्यांतले लेस्टर यंगचे टेनर सॅक्सोफोनवरचे सोलो त्याने स्वरान्‌स्वर बसवले. बँडमधल्या पियानोवाल्याकडून आणि गिटारवाल्याकडून कॉर्ड समजून घेतल्या. परतला तेव्हा हा तोच मुलगा का, असा लोकांना प्रश्न पडला. पुढे १९५४मध्ये पॉल डेझमंडशी बोलताना पार्करने सांगितलं, की तीन-चार वर्षं तो रोज अकरा ते पंधरा तास रियाज करत होता.

लेस्टर यंगच का, हेही पाहण्यासारखं आहे. १९३६मध्ये शिकागोत एका छोट्या बँडबरोबर त्याने गर्शविनच्या ‘लेडी बी गुड’वर दोन आवर्तनांचा सोलो वाजवला. चौसष्ट बार. अवघड असं त्यात वरवर काहीच नाही. वाक्यं लांब, आवाज हलका, सगळं कसं गप्पा मारल्यासारखं. पण ते तोंडपाठ म्हणायला बसावं म्हणजे समजतं, की त्याचं वाक्य बाराच्या रेघेवर सुरूही होत नाही आणि संपतही नाही. कॉर्ड बदलण्याच्या जागेवरून ते पलीकडे जातं, बदलाची दखल एखाद्याच स्वराने घेतं आणि पुढे निघतं. एका तरुण वादकाने हे पचवलं आणि त्यातून संपूर्ण वेगळं असं काहीतरी उगवलं. पार्कर लेस्टरसारखा अजिबात वाजवत नाही.

नक्कल करून स्वतःचं कसं येणार, ही शंका जॅझ शिकणाऱ्यांना नेहमी छळते. आपल्याला ती पडायचं कारण नाही. गुरूसमोर बसून तान जशीच्या तशी उचलण्यात आपल्याकडे कुणाला कमीपणा वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये लेनी ट्रिस्टॅनो हा अंध पियानोवादक १९४०च्या दशकापासून शिकवू लागला. त्याची पहिली अट हीच होती. आर्मस्ट्राँग, लेस्टर यंग, पार्कर यांचे सोलो आधी गळ्याने गायचे, रेकॉर्डबरोबर, तिच्या श्वासासकट. वाद्याला हात नंतर. ली कॉनिट्झ, वॉर्न मार्श त्याच्याकडे असेच तयार झाले. स्वरलिपी वाचून सोलो वाजवला तर बोटांना कळतो. गायला तर कळतं, की हा स्वर वादकाने इथे मागे खेचला आहे, तिथे नुसता श्वास सोडला आहे. लिहिलेल्या कागदावर यातलं काही येत नाही.

पार्करच्या गोष्टीतला पुढचा टप्पा १९३९चा, न्यूयॉर्कच्या हार्लेममधला. डॅन वॉलच्या चिली हाउसमध्ये तो बिडी फ्लीट नावाच्या गिटारवादकाबरोबर ‘चेरोकी’ ही रे नोबलची चाल घोळवत बसायचा. ही चाल चौसष्ट बारांची आणि तिचा मधला भाग, म्हणजे ब्रिज, भल्याभल्यांना घाम फोडणारा. चाल सुरू होते काळी पाचमध्ये. ब्रिज लागताच षड्ज एकदम पांढरी सातवर चढतो. मग तिथून पांढरी सहा, पांढरी पाच, पांढरी चार, अशा पायऱ्या उतरत पुन्हा काळी पाचला येऊन मिळतो. पहिल्या तीन पायऱ्यांवर तर तीच टू-फाइव्ह-वनची तिकडी. हार्मोनियमवाल्याला यातली गंमत सांगायला नको: चालू गाण्यात दर चार बारांनी पट्टी बदलायची आणि ओळ मात्र तुटू द्यायची नाही. पार्करने नंतर सांगितलं आहे, की तिथे एका रात्री त्याला एक वाट सापडली. कॉर्डचे नेहमीचे तीन-चार स्वर सोडून त्यांच्या वरचे, नववा, अकरावा, तेरावा असे स्वर धरून ओळ बांधायची आणि तिला जुळणाऱ्या कॉर्ड खाली ठेवायच्या. मनात ऐकू येत होतं, ते त्याला वाजवता येऊ लागलं.

२६ नोव्हेंबर १९४५ रोजी सॅव्हॉय कंपनीसाठी त्याने ‘को-को’ वाजवलं. खाली कॉर्ड ‘चेरोकी’च्याच, वरची मूळ चाल गायब. सोलो दोन पूर्ण आवर्तनांचा, १२८ बारांचा, लय मिनिटाला तीनशे मात्रांच्या घरात. ब्रिज आला की काय होतं ते जरूर ऐकावं. पट्टी सातवरून चारवर उतरत असताना पार्करच्या आवाजात घाई नाही.

जुन्या चालीच्या कॉर्ड ठेवून वर नवी चाल बांधण्याची त्या काळात लाटच आली. अमेरिकेच्या कायद्याने चालीवर मालकी सांगता येत असे, कॉर्डच्या क्रमावर नाही. त्यामुळे रॉयल्टी वाचे, हे एक कारण. पण शिकणाऱ्याच्या दृष्टीने त्यातून फार मोठी सोय झाली. गर्शविनच्या ‘आय गॉट रिदम’च्या कॉर्डवर एलिंग्टनचं ‘कॉटन टेल’ आहे, पार्कर-गिलेस्पीचं ‘अँथ्रोपॉलॉजी’ आहे, रॉलिन्सचं ‘ओलिओ’ आहे. एक सांगाडा पक्का झाला की डझनावारी रचना वाजवता येतात. अनोळखी शहरात, अनोळखी माणसांबरोबर जॅम सेशनमध्ये नुसतं ‘रिदम, बी फ्लॅट’ म्हटलं की सगळे कामाला लागतात. आपल्याकडे ‘भैरवी, काळी चार’ म्हटल्यावर साथीदार सावरून बसतात, तसंच.

आता तानेकडे येऊ. जॅझची तान नुसती धावत नाही, धावता धावता कॉर्ड सांगत जाते. ती हे कसं करते, याचा एक हिशेब आहे आणि मला तो फार सुंदर वाटतो. चार मात्रांच्या बारात दुगुनीत आठ स्वर बसतात. सप्तकात स्वर सात. वरची दुसरी कॉर्ड, प-नि-रे-म, चालू आहे असं समजून पंचमापासून सरळ खाली यावं: प म, ग रे, सा नि, ध प. मात्रेवर कोणते स्वर पडले? प, ग, सा, ध. पहिला सोडला तर एकही कॉर्डमधला नाही. तान बेसूर नाही, पण कॉर्डशी तिचा काही संबंध राहिला नाही. आता पंचमाच्या खाली तीव्र मध्यम घालून तीच ओळ घ्यावी: प, तीव्र म, शुद्ध म, ग, रे, सा, नि, ध, आणि पुन्हा प. मात्रेवर आले प, म, रे, नि. अख्खी कॉर्ड! एक स्वर वाढवला आणि सगळी ओळ जागेवर बसली. पार्करच्या पिढीने हे कानाने साधलं. त्याचे नियम करून शिकवणाऱ्यांत डेट्रॉइटचा पियानोवादक बॅरी हॅरिस अग्रभागी होता. कोणत्या स्वरापासून निघालं तर अर्धा स्वर कुठे घालायचा, किती घालायचे, हे तो शिष्यांकडून पाढ्यांसारखं घोटून घेई. न्यूयॉर्कमध्ये त्याची शिकवणी अनेक दशकं चालली. करोनाच्या साथीच्या काळात नव्वदी गाठलेला हा माणूस झूमवर शिकवत होता. डिसेंबर २०२१मध्ये तो गेला.

हॅरिसचं नाव घेतल्यावर एका वादाबद्दल लिहायलाच हवं. १९६०-७०च्या दशकांत जॅझ क्लबांतून वर्गांत आलं. बॉस्टनचं बर्कली कॉलेज, इंडियाना विद्यापीठ अशा ठिकाणी त्याचा अभ्यासक्रम झाला. १९६७मध्ये जेमी एबरसोल्डने सरावासाठी पहिली रेकॉर्ड काढली. तिच्यात बेस, ड्रम आणि पियानो वाजतात, सोलोची जागा रिकामी असते, ती आपण भरायची. पुढे बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी शेकडो चाली आणि त्यांच्या कॉर्ड हाताने लिहून ‘रिअल बुक’ तयार केलं. तीसेक वर्षं ते चोरून विकलं जात होतं. २००४मध्ये त्याची रीतसर परवाने घेतलेली आवृत्ती आली. आज हे सगळं फोनमध्ये मावतं. या सोयींनी हजारो लोकांना जॅझची दारं उघडली, गावात एकही बेसवादक नसलेल्या मुलाला रोज साथ मिळाली, हे खरंच मोठं काम आहे.

पण वर्गात शिकवायला सोपी म्हणून एक पद्धत रुजली, प्रत्येक कॉर्डला एक थाट चिकटवायची. ही कॉर्ड आली की हे सात स्वर, ती आली की ते सात. परीक्षेला ती चोख आहे. तिच्यातून तयार झालेले सोलो मात्र मला पुष्कळदा थाटांच्या यादीसारखे ऐकू येतात. चूक एकही नाही आणि वाक्यही एक नाही. हॅरिसचा सगळा आग्रह याच्या उलट होता: कॉर्ड ही थांबण्याची जागा मानू नका, एका जागेहून दुसरीकडे जाण्याची चाल वाजवा. मला त्याचंच पटतं. म-चा ग होतो, तो क्षण थाटांच्या तक्त्यात कुठेच दाखवता येत नाही.

कॉर्डच्या या गर्दीचा खुद्द वादकांनाही कंटाळा आला होता. ‘जायंट स्टेप्स’चा षड्ज पांढरी सात, पांढरी पाच आणि काळी दोन या तीन जागांमध्ये धावत असतो. त्याच वर्षी, मार्च-एप्रिल १९५९मध्ये, माइल्स डेव्हिसने ‘काइंड ऑफ ब्लू’ केलं. त्यातली ‘सो व्हॉट’ ही रचना उलट टोकाची. पांढरी दोन षड्ज धरला तर सोळा बार नुसती काफीची स्वरावली, मग आठ बार तीच स्वरावली काळी दोनवर, मग पुन्हा आठ बार पांढरी दोनवर. आपल्या कानाला ही लगेच जवळची वाटते. आणि दोन्ही रेकॉर्डवर टेनर सॅक्सोफोन वाजवणारा माणूस एकच आहे, कोल्ट्रेन! पण ‘सो व्हॉट’ सोपी आहे, या भरवशावर राहू नये. कॉर्ड हात धरत नाहीत, तेव्हा सगळा भार वाक्यावर येतो. जमीन सरकत नाही म्हटल्यावर सांगण्यासारखं काय आहे, हे लगेच उघडं पडतं. बढत करणाऱ्या गवयाला हे सांगायला नको.

मुंबईने हे शिक्षण फार आधी पाहिलं आहे. १९३५मध्ये लिऑन ॲबीचा आफ्रिकन-अमेरिकन बँड ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ, पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. त्यांच्यासमोर होते गोव्याचे वादक. पोर्तुगीज अमलात गोव्यातल्या चर्चच्या शाळांतून मुलांना सोल्फा आणि व्हायोलिन शिकवलं जाई. समोर कागद ठेवला की ही मंडळी पहिल्या नजरेत वाजवत. कागदावर नसलेलं वाजवायला त्यांना शिकावं लागलं ते या पाहुण्यांकडून आणि रेकॉर्डवरून. आल्डोणा गावचे आंतोनिओ शावियर वाझ ‘चिक चॉकलेट’ झाले, आर्मस्ट्राँगच्या वळणाने ट्रम्पेट वाजवू लागले. मिकी कोरिया यांचा बँड ताजमध्ये दोन दशकं होता.

आणि हे शिक्षण हॉटेलातच राहिलं नाही. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांच्या हाताखाली हेच गोवेकर वादक चित्रपटसंगीतात आले. १९५१च्या ‘अलबेला’मध्ये चिक चॉकलेट आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतात. चाल मराठी माणसाची आणि तिच्या अंतऱ्यांमधल्या जागा भरणारे हात सोलो वाजवायला शिकलेले. त्या गाण्यांमधले ट्रम्पेट आणि क्लॅरिनेटचे तुकडे एवढे ताजे का वाटतात, याचं उत्तर मला इथे सापडतं. पुढे सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस यांनी रागांच्या स्वरावली जॅझमध्ये आणून वाजवल्या. हे धाडस त्यांना शोभलं, कारण चेंजेस, म्हणजे कॉर्डचे बदल, त्यांच्या हाडीमांसी मुरलेले होते.

सॉनी रॉलिन्सचंही मुंबईशी नातं आहे. १९५९मध्ये, नावाचा डंका वाजत असताना, आपल्या वाजवण्यावर तो नाखूश झाला आणि कार्यक्रम बंद करून बसला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन, खालून बोटी आणि बाजूने गाड्या जात असताना तो तासन्‌तास सॅक्सोफोन वाजवायचा. दोन वर्षांनी परतला. साठच्या दशकाच्या अखेरीस तो पुन्हा थांबला आणि पवईला स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात येऊन राहिला. १९७८मध्ये निरंजन झवेरी यांनी धोबीतलावच्या रंगभवनात पहिली जॅझ यात्रा भरवली, तेव्हा तिथे तो वाजवायला होता. रॉलिन्सच्या सोलोत शिकण्यासारखी एक गोष्ट अशी, की कॉर्ड कितीही बदलोत, मूळ चालीचा एखादा तुकडा तो हातचा सोडत नाही. तो फिरवतो, मोडतो, लांबवतो, पुन्हा जोडतो. १९५६च्या ‘ब्लू सेव्हन’मध्ये तीन-चार स्वरांच्या तुकड्यावर त्याने अख्खा सोलो उभा केला आहे.

म्हणून ज्याला सुरुवात करायची आहे, त्याने चालीपासूनच करावी. एकच चाल घ्यावी, साधी, बत्तीस बारांची. ती गळ्याने म्हणता आली पाहिजे. मग चालीखालचे बेसचे स्वर म्हणावेत. मग नुसते तिसरे-सातवे. प्रत्येक फेरी सावकाश, पायाने मात्रा धरून. त्यानंतर त्या चालीवर मोठ्या वादकाचं एखादं आवर्तन कानाने उतरवून घ्यावं आणि पाठ करावं. फोनमधली साथ लावायला हरकत नाही, पण दर काही दिवसांनी ती बंद करावी. बेस नाही, पियानो नाही, ठेका नाही. एकट्याने एक आवर्तन वाजवावं, नाहीतर गावं, आणि ती चाल ओळखीची असलेल्या कुणाला तरी समोर बसवावं. पहिली ओळ कुठे संपली, ब्रिज कुठे लागला, शेवटची ओळ कुठे सुरू झाली, हे त्याला नुसत्या सोलोवरून बोट वर करून दाखवता आलं पाहिजे. बोट चुकीच्या जागी वर गेलं, तर त्या जागेचे चार बार वेगळे काढून पुन्हा गायचे.